शेवटपर्यंत ऐकणाऱ्यास उशी मोफत

चाचांच्या पॉडकास्टचा एकही भाग मी शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता, आणि त्या पॉडकास्टचा निर्माता मीच होतो. हे अगोदरच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुठेतरी सांगू असं ठरवलं, तर तिथपर्यंत मला दुसरं काही सुचणार नाही.

माझा स्वभावच तसा आहे. एस.टी.त एखाद्या म्हाताऱ्याला जागा द्यायची राहिली, तर ते मला आठवडाभर पुरतं. शाळेत असताना एका मित्राची कंपासपेटी माझ्या हातून फुटली होती आणि मी गप्प बसलो होतो. तो मित्र आता सासरा झालाय, कंपासपेटीचं त्याच्या स्वप्नातही नसेल, पण मी पाठ टेकली की मला त्या पेटीचं दुमडलेलं झाकण दिसतं. बायको म्हणते, "घरात चोर शिरला तर तुम्ही त्याची माफी मागाल, पंखा बंद होता म्हणून."

अशा माणसाला झोप लागत नाही. आणि ज्याला झोप लागत नाही, त्याला आष्ट्यात एकाच माणसाकडे जावं लागतं. मी मात्र त्या माणसाकडे वेगळ्याच कामासाठी गेलो होतो.

झालं असं, की नोकरी सुटल्यावर मी सांगलीला जाऊन 'लहान व्यावसायिकांसाठी पॉडकास्ट' असा एक छोटा वर्ग केला आणि लगेच इतरांना शिकवायला निघालो. आष्ट्याच्या पेठेत दुकानोदुकानी फिरलो. हार्डवेअरवाल्यांनी विचारलं, "यात माणूस दिसतो का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग गिऱ्हाइकाला कळणार कसं, की मी त्याच्याशी बोलतोय?" मिठाईवाल्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पाव किलो फरसाण बांधून दिलं. मी ते घेऊन बाहेर पडलो, तर समोर चाचांचं गाद्यांचं दुकान.

चाचा पिढीजात पिंजारी. किडकिडीत देह, डोक्यावर जाळीची टोपी आणि पांढरी दाढी. त्या दाढीत कापूस किती आणि दाढी किती, हे चाचींनाही सांगता आलं नसतं. दुकानात मागे पिंजायची मशीन होती, पण भिंतीवर त्यांच्या वडिलांची कापूस पिंजायची लांबलचक धुनकी अजून टांगलेली होती. येता-जाता चाचा तिच्या तारेला बोट लावत. टंवऽ असा आवाज निघे. मग ते समाधानाने पुढच्या कामाला लागत.

"चाचा, मला तुम्हाला जरा काही सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगा की. आडवं पडून सांगा."

"आडवं?"

"हितं." त्यांनी दाराजवळच्या नमुन्याच्या गादीवर हात फिरवला. "उभ्यानं माणूस खोटं बोलतंय, बसल्यावर घाई करतंय. पडा."

मी संकोचत पडलो. शिकून आल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. चाचा दाभणात दोरा ओवत मध्येच विचारत होते, कुठल्या कुशीवर झोपता, उशी किती उंच, पाय पोटाशी घेता का, आणि झोप येत नसेल तर डोळ्यांसमोर काय येतं. शेवटच्या प्रश्नाला मी कंपासपेटी सांगितली. त्यानंतरचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, अंगावर गोधडी होती आणि चाचा कुणाला तरी सांगत होते, "पास झाली. ही गादी त्यांची."

पॉडकास्ट विकायला गेलेला मी गादी घेऊन घरी आलो. फरसाण तिथेच राहिलं.

ही चाचांची विक्रीची रीत होती. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. गिऱ्हाइकाने गादीवर पडायचं. चाचा शेजारी बसून हळूहळू बोलत राहणार. झोप लागली तर सौदा, नाही लागली तर चहा पिऊन जा, दुसरी गादी भरून ठेवतो. भाव, पत्ता, किती दिवसांत मिळेल, हे सगळं गिऱ्हाईक उठल्यावर. झोपेच्या आधी भाव सांगणं त्यांना फार असभ्य वाटे. "पावण्याला पाणी द्यायच्या आधी तू कवा जाणार असं इचारतो का आपण?" असं ते म्हणत. त्यामुळे त्या दुकानात दुपारी कोणीतरी घोरत पडलेलं असेच. नवा बदलून आलेला एक हवालदार एकदा चौकशी करायलाच आत शिरला होता, की हा काय प्रकार आहे. त्यालाही चाचांनी आडवं व्हायला सांगितलं. त्याची टोपी घ्यायला संध्याकाळी दुसरा हवालदार आला, कारण पहिल्याला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

चाचा माणसांना नावाने ओळखत नसत. झोपण्याच्या पद्धतीने ओळखत. भर लग्नाच्या पंगतीत ते आमच्या मुख्याध्यापकांना हाक मारत, "काय पालथे, जेवला का?" सरपंच म्हणजे 'डाव्या कुशीवाले'. त्यांचे विरोधक 'उजव्या कुशीवाले'. "त्ये दोघं एका गादीवर झोपले तर पाठीला पाठ लागंल, मंग भांडणार न्हाईत," असा त्यांचा राजकारणावरचा एकमेव विचार होता. मी 'उताणे साहेब'.

जुनी गादी पिंजायला आली की आत काय काय सापडे. चमचे, बांगड्या, एकदा तर टीव्हीचा रिमोट. त्या घरातल्यांनी रिमोट हरवला म्हणून टीव्हीच बदलला होता. चाचांनी रिमोट फडक्याने पुसला आणि नवा कापूस भरताना होता तिथेच परत ठेवून शिवून टाकला. मी म्हणालो, "अहो, द्या ना त्यांना." ते म्हणाले, "साहेब, आता नवा टीव्ही आलाय घरात. ह्यो दिला तर जुन्या टीव्हीसाठी भांडणं व्हतील. तिथंच बरा हाय त्यो."

तर असं ते दुकान. आणि ते जायच्या बेतात होतं.

हायवेवर फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान झालं होतं. काचा, एसी, दारात हलणारा फुग्याचा माणूस. लग्नात मुलीला द्यायच्या गाद्यासुद्धा लोक तिथून घेऊ लागले होते. चाचांचा पुतण्या दुकान सांभाळायचा. चांगला मुलगा, दोन लेकरांचा बाप, चाचांवर जीव असलेला. पण त्याला घर चालवायचं होतं. त्याने एका दुपारी माझ्यासमोरच सांगून टाकलं.

"चाचा, ही लगनसराई बघतो. आपल्याकडं गाद्या आल्या तर ठीक. न्हाईतर मशीन विकायची आन् फोमची एजन्सी घ्यायची. मी बोलून ठेवलंय."

चाचा उठून धुनकीपाशी गेले. तारेला बोट लावायला हात वर केला आणि न लावताच खाली घेतला. मला वाटतं, त्या एका न झालेल्या आवाजामुळे मी त्यांच्या पॉडकास्टमध्ये पडलो. "चाचा," मी म्हणालो, "तुम्ही नुसतं बोला. बाकी मी बघतो."

"काय बोलू?"

"रोज इथे बोलता तेच."

"एवढंच? मंग त्याला सांगलीला जाऊन शिकाय कशाला लागतंय?"

स्टुडिओचा प्रश्नच नव्हता. सांगलीच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मऊ काहीतरी लावा. चाचांच्या दुकानात भिंती दिसतच नव्हत्या. चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या, वर रजयांच्या थप्प्या. दार ओढून घेतलं की बाहेरची बैलगाडीही ऐकू येत नसे. जिल्ह्यातला सर्वात चांगला स्टुडिओ आपल्या पेठेत आहे, हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. चाचा म्हणाले, "दार लावलं तर गिऱ्हाईक कुठनं येणार?" हेही बरोबर होतं. मग दुपारची नमाज झाली की, पेठ जेवून पेंगत असते त्या वेळेला रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

चाचींनी चहा आणून दिला आणि सगळा बेत ऐकून हसत सुटल्या. "आवं साहेब, लगीन झाल्यापासनं ह्या माणसाचं एक बी बोलणं मी शेवटपर्यंत ऐकल्यालं न्हाई. लोकं कशी ऐकतील?"

हे वाक्य मी तेव्हा गांभीर्याने घ्यायला हवं होतं.

आमचं भांडण पहिल्याच दिवशी झालं. वर्गात शिकवलेला पहिला नियम असा, की सुरुवातीलाच आपलं नाव, दुकानाचं नाव आणि पत्ता सांगायचा. चाचांनी ठाम नकार दिला.

"आधी बोलायचं. मंग झोप. मंग पत्ता."

"चाचा, झोप नको आहे आपल्याला. लोकांनी जागं राहून ऐकायला हवं."

"गादीवाल्याचं बोलणं ऐकून माणूस जागा ऱ्हायला, तर त्या गादीवाल्यानं धंदा बंद करावा."

"पण पत्ता शेवटी टाकला तर कुणी ऐकणार नाही!"

"का? शेवटपर्यंत ऐकंल त्याला उशी फुकट." हे त्यांना तिथल्या तिथे सुचलं आणि फार आवडलं. "त्यानं यायचं, मी शेवटाला काय म्हणलो ते माझ्या कानात सांगायचं, आन् उशी घिऊन जायाचं. कानात. मोठ्यानं न्हाई. न्हाईतर शेजारचा बी ऐकून उशी मागंल."

मी हरलो. पॉडकास्टला नाव द्यायचं होतं, तर त्यातही त्यांनी दुकानाचं नाव येऊ दिलं नाही. 'जरा पडा' एवढंच नाव ठेवलं.

पहिल्या भागाचा विषय होता सरकी. कापसातली सरकी कशी काढतात, राहिली तर पाठीला कशी टोचते, कुठल्या गावचा कापूस कसा. चाचांचा आवाज म्हणजे संथ कालव्याचं पाणी. एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत ते दाभण एकदा आत घालून बाहेर काढत. मी समोर बसून फोनकडे बघत होतो. मग समोर बसून बघणं कठीण झालं म्हणून नमुन्याच्या गादीला टेकलो. मग जाग आली तेव्हा चाचा फोन माझ्या हातात देत होते. "झालं बघा. बटण दाबलंय मी."

"सगळं बोललात ना? पत्ता, उशी?"

"समदं."

मी घरी जाऊन ते तपासायला घेतलं. तिथेही सरकीपर्यंत पोहोचलो आणि सकाळ झाली. दुसऱ्यांदा दुपारी खुर्चीत बसून तपासलं, तर बायकोने मान धरून सरळ केली. शेवटी तसंच अपलोड करून टाकलं. पुढचे सगळे भाग असेच झाले. उशीची उंची, गादी उन्हात कशी घालावी, ढेकणांचा स्वभाव, बाळाची दुपटी. दर वेळी मी निर्धाराने बसायचो आणि दर वेळी चाचा मला उठवून फोन द्यायचे. पेठेत लोक म्हणायचे, "संकलन छान करता हो तुम्ही." मी मान हलवायचो. घरी आल्यावर ती हललेली मान मला त्रास द्यायची.

वर्गात शिकवलं होतं, पाहुणे बोलवा. म्हणून एकदा आम्ही गावातल्या बँडपथकाच्या मास्तरांना बोलावलं. मोठा क्लॅरिनेट वाजवणारा माणूस, श्वासावर विलक्षण ताबा. विषय होता, वरातीनंतर अंग कसं दुखतं. मास्तरांनी झोकात सुरुवात केली. चाचांनी मध्ये फक्त "मंग पाठीला काय घेता?" एवढंच विचारलं आणि स्वतःच उत्तर द्यायला लागले. नंतर चाचींनी सांगितलं, की मी आणि मास्तर एकाच गादीवर दोन्हीकडून पडलो होतो आणि मास्तर झोपेतसुद्धा सुरात होते.

आणि गंमत अशी, की 'जरा पडा' तुफान चाललं.

फोनवर आकडे दिसायचे. ऐकणारे वाढत होते, आणि जवळजवळ सगळे भाग शेवटपर्यंत वाजत होते. वर्गातले आमचे गुरुजी म्हणाले, असं कुणाचंच होत नाही, लोक मध्येच सोडतात, तुम्ही केलंत तरी काय? मी नम्रपणे हसलो. सांगलीत एका दवाखान्याच्या बाकावर मी दोन बायकांना बोलताना ऐकलं, "आमच्या ह्यांना त्या सरकीवाल्या बाबाशिवाय झोपच येत नाही." साताऱ्याहून, वाईहून कळायचं, की अमक्याची म्हातारी ते लावूनच झोपते. अख्खी कृष्णाकाठची माणसं चाचांच्या आवाजात घोरत होती.

दुकानात मात्र एकही माणूस येत नव्हता.

आठवडे गेले. दाराजवळ फुकट द्यायच्या उशा रचून ठेवल्या होत्या, त्यांवर मांजर झोपू लागलं. पुतण्या ते आकडे बघायचा, मग उशांकडे बघायचा. "साहेब, एवढी माणसं शेवटपर्यंत ऐकत्यात म्हणता, मंग उशीला कोन कसं येत न्हाई? फुकट हाय की."

मी रात्रभर डोकं चालवलं तेव्हा कुठे उजेड पडला. लोक शेवटपर्यंत ऐकत नव्हते. लोक झोपले होते, आणि फोन आपला बिचारा शेवटपर्यंत वाजत होता. पत्ता झोपलेल्या माणसांना सांगितला जात होता. सगळा मुलूख चाचांना ओळखत होता आणि चाचा कोण, कुठले, हे एकालाही माहीत नव्हतं.

त्यावर कडी म्हणजे एक दिवस पुतण्या हायवेवरून लालबुंद होऊन आला. फोमच्या दुकानात तो एजन्सीचं बोलायला गेला होता. "चाचा, तुमचा आवाज तिथं लावल्यात! गिऱ्हाइकाला फोमवर निजवत्यात, तुमचं बोलणं लावत्यात, आन् त्यो झोपला की म्हणत्यात, बघा आमच्या गादीवर कशी झोप लागली! धडाधड खपत्यात गाद्या!"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. चाचांचं दुकान वाचवायला मी त्यांचा आवाज काढून थेट शत्रूच्या एसीत नेऊन ठेवला होता. मी हात जोडले. "चाचा, माझं ऐका. एकदाच. पत्ता पुढे घ्या. मी नुसता उचलून पुढे लावतो, तुम्हाला परत बोलावं पण लागणार नाही."

"न्हाई."

"दुकान जाईल चाचा!"

"जाईल तर जाईल. झोपणाऱ्या माणसाच्या कानाशी दुकानाचं नाव वरडायचं? बापानं कवा केलं न्हाई, आज्यानं केलं न्हाई."

"तुमच्या आज्याच्या वेळी हायवे न्हवता!" पुतण्या ओरडला.

"म्हणून तर झोप लागत व्हती लोकास्नी," चाचा म्हणाले आणि टाके घालायला बसले. पुढचे दोन दिवस चाची आम्हा तिघांना तीन कोपऱ्यांत वेगवेगळा चहा नेऊन देत होत्या.

तिसऱ्या दिवशी उंब्रजहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, डोळे तांबारलेले, हातात पिशवी. आत येऊन त्यांनी सरळ चाचांना विचारलं, "सरकीवाले तुमीच नव्हं?" आणि चाचांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या. चाचा खूश झाले. "बरोबर! द्या रं उशी!"

पुतण्याने मांजर बाजूला केलं आणि उशी दिली. बाईंनी ती घेतली, माझ्याकडे वळून मला नीट निरखलं आणि म्हणाल्या, "आवं, एवढं मनाला लावून घिऊ नगा."

मी म्हणालो, "बरं."

"तुमी पार शेवटापर्यंत ऐकलं, मावशी?" पुतण्याला राहवेना. "झोप न्हाई लागली?"

"कुठली झोप बाबा! हायवेच्या दुकानातनं गादी आणली. तिथं पडले तर अशी झोप लागली म्हणून सांगू! कोन तरी लांबनं बोलत व्हतं, झ्याक. घरी आणली, तर भट्टीगत तापती. रातभर ह्या अंगावरनं त्या अंगावर. परत गेले, म्हणलं तुमच्यात कोन बोलत व्हतं त्ये तरी द्या. त्यांनी फोनमध्ये लावून दिलं. त्ये बी ऐकलं पार शेवटापर्यंत, तवा कळलं हितला पत्ता."

"पडा," चाचा म्हणाले.

बाई पडल्या. चाचांनी दाभणात दोरा ओवला आणि त्यांच्या शेताचं विचारलं. उंब्रजची गाडी गेली, त्यानंतरचीही गेली. उठल्यावर बाईंनी भाव विचारला. मग म्हणाल्या, घरात लेकीचं लगीन हाय, तिला द्यायच्या गाद्या, उशा, लोड, समदं हितनंच करायचं. आणि जावेच्या पोरीचं बी.

त्या पहिल्या. मग वाईचा एक ड्रायव्हर आला. मग इस्लामपूरकडचं एक नवं जोडपं, लाजत, एकमेकांना ढकलत. मग सांगलीचे एक वकील. फार नव्हे, एकेक, दोन-दोन. पण येणारा प्रत्येक जण तांबारलेल्या डोळ्यांचा आणि प्रत्येकाची गादी खराब. प्रत्येक जण चाचांच्या कानाशी वाकायचा, उशी घ्यायचा आणि जाताना मला काहीतरी बोलायचा. ड्रायव्हरने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "झालं गेलं. ल्हान व्हता तुमी." तो कशाबद्दल बोलतोय हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझ्याकडे बऱ्याच गोष्टी होत्या. वकिलांनी नुसतं पाठीवर थोपटलं. माझ्या चेहऱ्यावरच काहीतरी दिसत असेल, असं मी धरून चाललो.

एका दुपारी ऑर्डरी लिहिता लिहिता पुतण्या मध्येच थांबला. "चाचा! ज्याची गादी चांगली, त्यो ऐकता ऐकता झोपतंय. ज्याची गादी वाईट, त्योच तेवढा शेवटापर्यंत जागा! म्हंजे आपला पत्ता बरोबर त्यालाच कळतंय, ज्याला गादी पायजे! आन् ती फोमवाली आपलीच गिऱ्हाइकं तयार करून धाडाय लागल्यात!"

मी चाचांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर चाचांचं तोंड आमच्याइतकंच उघडं होतं. मग त्यांनी ते मिटलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंग? इतके दिवस मी काय सांगत व्हतो?"

चाची आतून म्हणाल्या, "काय बी सांगत न्हवता."

लगनसराई संपली तेव्हा एजन्सीचं नाव कुणी काढलं नाही. मशीन राहिली. चाचांनी धुनकीला बोट लावलं. तो टंवऽ मी जागेपणी ऐकला, हे मुद्दाम नोंदवतो.

पुढे चाचांचे गुडघे धरले आणि ते चाचींना घेऊन वाईला लेकीकडे राहायला गेले. दुकान पुतण्या चालवतो, दाराशी उशा आहेत, मांजरही आहे. नवे भाग होत नाहीत, पण जुन्यांवर लोक अजून झोपतात, आणि ज्यांना झोप येत नाही ते अजून आष्ट्याला येतात.

परवा मी सांगलीहून घरी येत होतो. शाळा सुटायची वेळ, एस.टी. खच्चून भरलेली, एका हाताने वरचा दांडा धरून उभा. चाचांची फार आठवण येत होती. झोपायचं नव्हतं, फक्त आवाज ऐकायचा होता, म्हणून कानात इअरफोन घालून सरकीचा भाग लावला. डोळे मिटायला लागले की गाडी खड्ड्यात जायची, नाहीतर कुणाचं तरी दप्तर बरगडीत बसायचं. असं करत करत सरकी संपली, गावोगावचा कापूस संपला, आणि आयुष्यात प्रथमच मी त्या पलीकडे गेलो.

चाचा थांबले होते. मागे कसला तरी जाड, खरखरीत आवाज येत होता. मला वाटलं, पिंजायची मशीन राहिली चालू. निर्माता म्हणून माझा जीव कासावीस झाला. मग चाचांचा आवाज आला, फार हळू.

"अजून जागं हाय का तुमी? मंग तुमची गादी बघाय पायजे. दुकान आष्ट्याला, पेठंत. या. आता ह्ये जे घुर्र घुर्र ऐकू येतंय, ती मशीन न्हाई. ते आमचं साहेब हायत. समदं ह्येंनीच सुरू केलंय. लय भला माणूस. पण मनाला लय लावून घेतंय. ल्हानपणी कुणाची तरी कंपासपेटी फोडली, त्ये अजून धरून बसलंय. आता मला सांगा, त्यो कंपासपेटीवाला आपल्या घरी झोपला असंल का न्हाई? झोपलाच असंल. मंग ह्येंनी का जागायचं? पर बघा, ह्ये बी झोपल्यात. ह्येंच्यासारख्याला झोप लागती, तर तुमाला का न्हाई लागणार? लागंल. या तुमी. आल्यावर शेवटचं वाक्य माझ्या कानात सांगा, म्हंजे ह्येंला कळायचं न्हाई, आन् उशी घिऊन जावा. आता मी हळूच बटण दाबतो. साहेबास्नी उठवू नगा."

मी घाईघाईने दुसऱ्या भागाचा शेवट लावला. उशीची उंची. पुन्हा ती घरघर, पुन्हा कंपासपेटी, आणि शेवटी तेच वाक्य. तिसऱ्या भागातही तेच. ढेकणांच्या भागात तर मला एकही ढेकूण चावला नाही, हेही चाचांनी सांगितलं होतं. बँडमास्तरांच्या भागात त्यांनी आम्हा दोघांतला कोण कुठला सूर लावतोय हे समजावलं होतं. उंब्रजच्या बाई, ड्रायव्हर, वकील, सगळे माझ्यासमोर चाचांच्या कानात हे एकच वाक्य सांगून उशा घेऊन गेले होते.

मी त्या गर्दीत एकटाच हसत होतो आणि डोळे पुसत होतो. शेजारची मुलगी दप्तर घेऊन जरा लांब सरकली. कंडक्टर म्हणाला, "ओ काका, बरं वाटतंय का? बसताय का?" कुणीतरी उठून मला जागा दिली. मी नको-नको म्हटलं, पण बसलो, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

बसल्या बसल्या वाईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. चाचांच्या लेकीने उचलला.

"काका, तुम्ही होय! अब्बा आत्ताच झोपलेत. उठवू का?"

"नको," मी अगदी हळू आवाजात म्हणालो. "साहेबांना उठवू नका."